गडगडलं की प्लग काढायचा

आमच्या वाडीत सहा घरं. गडगडाट सहाही घरांत ऐकू येतो, पण नागवेणीला तो सगळ्यांच्या आधी ऐकू येतो. आपण अंगणात मिरी वाळत घालत असतो, वर आभाळ निळं स्वच्छ, आणि ही बाई हातातलं सूप खाली ठेवते, मान जराशी वाकडी करते आणि म्हणते, "यल्लापूरकडे वाजलं." मी म्हणते, "अगं, घाटात लॉरी गेली असेल." ती पदर खोचून आत जाते आणि घरातले प्लग काढत सुटते. आधी टीव्ही, मग फ्रीज, मग मिक्सर, मग मागीलदारी पंपाचा मेन स्विच. थोड्या वेळानं खरंच गडगडायला लागतं. एकदा तरी चुकेल म्हणून मी इतकी वर्षं वाट बघतेय, पण मेली चुकत नाही.

तशी प्लग काढायची सवय आमच्या अख्ख्या मलनाडाला, ह्या घाटमाथ्याच्या मुलखाला, आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलली की रोजचं ठरलेलंच. ज्यानं आळस केला त्याचा टीव्ही गेला, पंप जळला. नव्या सुनेला देवघर कुठे ते नंतर दाखवतात, आधी कुठला प्लग कुठे ते दाखवतात. पण बाकीच्या पाच घरांत प्लग काढतात ते वस्तू वाचावी म्हणून. नागवेणीचं तसं नाही.

तिच्या घरी पूर्वी तो काळा फोन होता, पडवीत, भिंतीला टांगलेला. सुमंत, तिचा एकुलता माणी, तेव्हा धारवाडला हॉस्टेलात. आमच्याकडे मुलाला माणीच म्हणतात, त्याला टक्कल पडलं तरी. त्या दिवशी दुपारी लांब कुठेतरी वाजत होतं. फोन एकदाच किणकिणला. नागवेणी चुलीपाशी होती, तिनं आतूनच हाक दिली, "उचला हो, माणीचा असेल." परमेश्वरभाऊजींनी, तिच्या नवऱ्यानं, उचलला. वीज तारेतून आली आणि तिनं त्यांना भिंतीवर फेकलं.

जगले ते. पण डावा कान कायमचा गेला, उजव्यात थोडंसं उरलं. आणि कान कुणाचे गेले, तर भाऊजींचे! ताळमद्दळेत, म्हणजे आमच्या बैठकीच्या यक्षगानात, ते भागवत होते, मुख्य गाणारे. मांडी घालून बसायचे, हातात टाळ घ्यायचे आणि पदं म्हणायला लागले की शिरसीपर्यंतची माणसं उठायची नाहीत. त्यानंतर साथीचा मद्दळा ऐकू येईना, तर गाणार कशाच्या जोरावर? टाळ पेटीत गेले. बागेत खाली मान घालून राबले आणि चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेले. 'उचला' आपण म्हटलं होतं, हे नागवेणीनं मला एकटीला सांगितलं, ओढ्यावर धुणं धुताना. सुमंतलासुद्धा माहीत नाही. भाऊजींनी उभ्या जन्मात तिला एका शब्दानं बोल लावला नाही आणि तेच तिला जास्त लागलं.

आता सुमंतचं ऐका. नोकरी सोडून तो बाग बघायला गावी आला आणि लग्नाचं घोडं अडलं. बाग आहे, गोठा आहे, माडीचं घर आहे, मुलगा सुपारी खात नाही की विडी ओढत नाही. सगळं बघून मुली विचारायच्या, "पण राहायचं गावातच का?" आणि पुढचा फोन यायचा नाही. आमच्या हव्यक लोकांत हल्ली हे घरोघरी आहे. अशात बंगळूरची चिन्मयी हो म्हणाली. आमच्यातलीच, पण जन्म बंगळूरचा. म्हणाली, "गावात राहीन, आनंदानं राहीन. माझं ऑफिस घरूनच चालतं. फक्त नेट चांगलं हवं."

नागवेणी धावत माझ्याकडे आली. "यमुनक्का, नेट म्हणजे नक्की किती लागतं गं?"

"शेरभर आणून ठेव," मी म्हटलं. "उरलं तर पापडाला घालू."

केबलवाला आला. पांढरा, एका शिंगाचा डबा त्यानं पडवीच्या कोपऱ्यात ठोकला, कारण वायर तिथे येत होती, आणि गेला. चिन्मयीची खोली माडीवर, मागल्या बाजूला. मध्ये जांभ्याच्या हातभर जाड भिंती, मध्ये देवघर, मध्ये भाताची कोठी. नेट बिचारं वर पोचेपर्यंत अर्धमेलं व्हायचं. वर कधी यायचं, कधी नाही. चिन्मयीनं फोन हातात धरून सगळं घर पालथं घातलं तेव्हा कळलं की जिन्याच्या मधल्या पायरीवर चांगलं येतं, तिच्या वरच्या पायरीवर येत नाही. मग काय, सूनबाईंचं ऑफिस जिन्यात! मांडीवर तो लॅपटॉप, कानाला वायर, तोंडानं इंग्रजी. खाली नागवेणी पाण्याची घागर घेऊन उभी, पूजा चालली असावी तशी गप्प. मध्येच नेट जायचं आणि चिन्मयीला ते लगेच कळायचंच नाही. ती आपली बोलत राहायची, बोलत राहायची, मग थांबून विचारायची, "हॅलो, माझा आवाज येतोय का?" नागवेणी खालून म्हणायची, "मला येतोय गं."

त्यात वानरं. सुपारीच्या झाडांवरून वायर आणलेली, त्यांना झोपाळाच मिळाला. महिन्यातून एकदा तोडायची. सुमंत गोफण घेऊन धावायचा, केबलवाला तीन दिवसांनी उगवायचा. सगळ्यांचे सल्ले चालू. कुणी म्हणे डबा उंच टांगा, कुणी म्हणे देवघरात ठेवा. माझ्या घरच्यांनी तर सांगितलं, डब्यामागे पितळी परात उभी करा, आवाज जसा घुमतो तसं नेट घुमेल. दोन दिवस परात उभी होती तिथे. घुमलं काही नाही, मांजरानं ती पाडली मात्र.

खोटं कशाला बोलू, मीही त्या नेटवर जगत होते. माझ्या घरी कसलं आलंय नेट! दुपारी जेवणं उरकली की त्यांच्या पडवीत येऊन बसायचं आणि फोनवर यक्षगान लावायचं, हा माझा नेम. एकदा चिन्मयी हळूच येऊन म्हणाली, "यमुनक्का, माझी मीटिंग असली की आख्यान नका ना लावू. मी वर अडकते." मला राग आला. दोन दिवस गेले नाही तिकडे. मग वाटलं, पोर बरोबर बोलली आणि गोड बोलली. गेले.

चैत्र लागला आणि खरं दुखणं सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. लख्ख ऊन. नागवेणीची मान वाकडी झाली, ती उठली, टीव्ही, फ्रीज, मिक्सर आणि जाता जाता डब्याचा प्लग. जिन्यातून चिन्मयी धावत खाली. "आत्ते, नेट गेलं!" आमच्याकडे सासूला आत्तेच म्हणतात.

"गेलं नाही, काढलं. वाजलं की."

"कुठे वाजलं?" चिन्मयीनं अंगणात जाऊन आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.  तिची मीटिंग बुडाली होती.

असं पुन्हा झालं, पुन्हा पुन्हा झालं. दुपारचं गडगडणं आणि तिची ऑफिसची मीटिंग, दोघांची वेळ एकच. चिन्मयीनं एकदा विचारलं, "आत्ते, पाच मिनिटं थांबलात तर चालेल का?" नागवेणी हो म्हणाली आणि थांबलीही. पण त्या पाच मिनिटांत तिचा चेहरा असा झाला की चिन्मयीच खाली येऊन म्हणाली, "काढा, काढा."

मग तिच्या साहेबांचा फोन आला. सुमंतनं पडवीत माझा विडा जमवून देता देता मला सांगितलं, नजर पानाच्या तबकात. गुरुवारी परदेशी माणसांबरोबर मोठी मीटिंग आहे, दुपारभर चालेल, सगळं बोलणं चिन्मयीनं करायचं. ते नीट झालं तर तिनं खुशाल गावातून काम करावं. मध्येच नेट गेलं तर सामान बांधून बंगळूर.

"आणि तू?" मी विचारलं.

"बायको तिकडे आणि मी इकडे, असं कसं चालेल? जावं लागेल. बाग कुणाला तरी करायला देऊ."

"आई?"

"आई येईल का यमुनक्का? तुम्हीच सांगा." मी काय सांगणार. गुरं सोडून ती शिरसीला लग्नाला राहत नाही.

त्याच दिवशी नागवेणीनं पुन्हा प्लग काढला आणि सुमंतचा तोल गेला. ओरडला नाही तो, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आई, टीव्ही जळला तर नवा आणता येतो. तिची नोकरी गेली तर? तुझ्या भीतीपायी तिनं का भोगायचं?"

चिन्मयी म्हणाली, "सुमंत, पुरे." नागवेणी प्लग हातात धरून उभी होती. तो परत लावला, म्हणाली, "पुन्हा हात नाही लावणार त्याला. झालं?" आणि गोठ्यात गेली.

आमच्याकडे सासवा-सुना भांडत नाहीत. भांडण झालं की दोघी कामाला लागतात. नागवेणीनं घरातलं सगळं पितळ काढून चिंचेनं घासलं. चिन्मयीनं अंगण झाडलं, परत झाडलं. बोलायच्या, नाही असं नाही. "आत्ते, तंबळीच्या ताकाला मीठ पुरे का?" "पुरे." "गाय उद्या दाखवायची का डॉक्टरला?" "दाखवू." प्लग हा शब्द मात्र त्या घरातून हद्दपार झाला. सुमंत त्या दोघींच्या मधून मांजरासारखा फिरायचा. मला तर ती शांतता बघून कुणाला तरी फटकवावंसं वाटायचं.

बुधवारी माझ्याकडे फणसाचे पापड होते. वाडीतल्या सगळ्या बायका पोळपाट घेऊन आल्या. कुणी गरे उकडतंय, कुणी कुटतंय, कुणी लाटतंय, तोंडं तर सगळ्यांचीच चालू. नागवेणीचा पापड म्हणजे पलीकडचं दिसेल असा. त्या दिवशी तिच्या पोळपाटावर एक जाड, एक फाटका.

"लक्ष कुठंय?" मी विचारलं.

"जातील दोघं," ती म्हणाली. लाटत राहिली. "चांगली पोर आहे गं. सकाळी मी धार काढते ना, शेजारी येऊन उकिडवी बसते. काही करत नाही, नुसती बसते. ते गेल्यापासून त्या वेळेला माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं."

"मग ठेव की तिला. नको काढू प्लग."

"नाही काढणार. बोललेय ना मी." आणि तिनं आणखी एक पापड फाडला.

संध्याकाळी पापडांची चटई पोचवायला मी तिच्याबरोबर गेले, तर घरात नवाच डबा. शिरसीहून माणूस येऊन बसवून गेला होता. पडवीतला पांढरा निघाला होता, वायर आत ओढून घेतली होती आणि जिन्याशेजारी तुळईखाली, घराच्या ऐन मध्यावर, हा काळा, चार शिंगांचा. प्लग मात्र खाली, जिन्याच्या खांबाला.

"कसा आहे, आत्ते?" चिन्मयीनं विचारलं.

"काळा आहे," नागवेणी म्हणाली.

चिन्मयी फोन घेऊन घरभर फिरली. स्वयंपाकघरात भरपूर, देवघरात भरपूर, माडीवर तिच्या खोलीत तर भरपूरच. सुमंत मागीलदारी न्हाणीपाशी जाऊन ओरडला, "इथेपण येतंय!" मीही माझा फोन घेऊन गोठ्यात गेले आणि एक पद लावलं. एका दमात, कुठे न अडखळता वाजलं, गायीसुद्धा कान टवकारून ऐकायला लागल्या. "चिन्मयी," मी ओरडले, "आता लावू का आख्यान मीटिंगच्या वेळी?" कितीतरी दिवसांनी ती पोर मनापासून हसली. "लावा यमुनक्का, काय हवं ते लावा!" नागवेणी हसत नव्हती. तिची नजर डब्यापासून निघायची, वायरीवरून खाली यायची आणि प्लगवर थांबायची. 

गुरुवार आला. सुमंत बागेच्या फवारणीसाठी मोरचूद आणायला शिरसीला गेला होता. मी दुपारी पापडांचा डबा घेऊन गेले तेव्हा वर चिन्मयीचं दार लागलेलं, आतून इंग्रजी चाललेली. आणि नागवेणी जिन्याखाली ठोकळ्यावर बसलेली, बरोब्बर प्लगसमोर.

"वाटेत काय बसलीस अशी?"

"राखण करते."

"कुणाची?"

तिनं नुसतं प्लगकडे बघितलं. हात दोन्ही मांडीखाली दाबून ठेवलेले. मी जिन्याला टेकून खाली बसले. थोडा वेळ आम्ही गायीच्या पोटफुगीबद्दल बोललो. मग तिची मान वाकडी झाली.

"वाजलं?" मी विचारलं.

"वाजलं."

देवाशपथ, मला काही ऐकू आलं नव्हतं. ती उठली. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, मागीलदारचा पंप. परत येऊन ठोकळ्यावर बसली. आता मात्र मलाही ऐकू आलं. वाडीतले पंप एकामागोमाग गप्प झाले. अंगणात अंधारून आलं, वासरू हंबरलं. वरून चिन्मयीचा आवाज येत होता, शांत, समजावून सांगितल्यासारखा. मध्ये मध्ये दुसरं कुणीतरी बोलायचं आणि ती हसून उत्तर द्यायची. काम चांगलं चाललं होतं हे मला इंग्रजी न येताही कळत होतं.

"आजच्या दिवस देवावर सोड," मी म्हटलं. "अर्धं झालं असेल आतापर्यंत."

"तिच्या कानाला वायर आहे गं," नागवेणी म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते.

"तू यायच्या आधीच वर जाऊन फटीतून बघून आले. दोन्ही कानांवर घातलंय. ह्यांनी तर एकाच कानाला धरला होता."

"अगं, ते वेगळं, हे वेगळं. सुमंत म्हणाला नव्हता का, ही वायर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही?"

"काचेची ती बाहेरून येणारी. ही प्लगमधली काचेची आहे का?"

 अंगण एकदम निळं झालं आणि पाठोपाठ कौलं थरथरली. आता ते डोक्यावर आलं होतं. नागवेणी उभी राहिली. 

"नागवेणी, काढलास तर जाईल हं ती. विचार कर."

"केला. तेव्हा मी उचला म्हटलं. आज गप्प बसले तर त्यात नि ह्यात काय फरक?" तिनं जिन्यावरून वर बघितलं. "जाऊ दे बंगळूरला. कान शाबूत घेऊन जाईल."

आणि तिनं प्लग उपटला. मागे वळूनसुद्धा न बघता तडक गोठ्यात गेली.

मी तिथेच. वाटलं, संपलं. ह्या घरात पुन्हा दोन चिमण्यासुद्धा चिवचिवणार नाहीत. आता चिन्मयी धावत खाली येईल, तिला काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव करत मी वर बघितलं, तर तुळईखाली डब्यावर हिरवे दिवे. जळतायत! मी प्लगकडे बघितलं, तो खाली लोंबत होता. परत डब्याकडे बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय माझं, त्या डॉक्टरचाच संशय आला मला. पण वरून आवाज येतच होता. तोच शांत आवाज, तेच समजावणं.

मी गोठ्यात धावले. नागवेणी गायीच्या मानेला कपाळ टेकून उभी होती.

"अगं, बोलतेय ती!"

"बोलेल. नेट गेलेलं तिला लगेच कुठे कळतं."

"अगं, दिवे लागलेत डब्याचे."

"लागू देत."

"हसतेय ती, नागवेणी! कुणाशी हसेल?"

"हसू दे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. काय करू हिचं! हाताला धरून ओढत आणली आणि जिन्याखाली उभी केली. तेवढ्यात कडाडलं आणि अख्ख्या वाडीची लाइट गेली.  घर काळोखं. त्या काळोखात ते हिरवे दिवे तसेच, आणि वर चिन्मयीचं बोलणं तसंच. बाहेर पाऊस कोसळायला लागला. आम्ही दोघी ठोकळ्याशी जमिनीवर बसलो, एकमेकींचा हात धरून, आणि कळत नसलेली इंग्रजी ऐकत राहिलो. नागवेणी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. प्रत्येक वेळी वीज चमकली की तिची बोटं माझ्या मनगटात रुतायची आणि वरून शब्द आला की सैल व्हायची.

पाऊस ओसरला तेव्हा वरचं दार उघडलं. चिन्मयी जिना उतरत खाली आली. अंधारात आम्ही दोघी दिसलो तशी थबकली. पहिला शब्द तिनं काय काढला असेल?

"आत्ते, प्लग काढलात ना?"

नागवेणी धडपडत उठली. "काढला," ती म्हणाली.  "बोलले होते हात लावणार नाही. मला नाही राहवलं. सुमंतला सांग, मी..."

"काढलात ना? देवा!" चिन्मयी मटकन पायरीवर बसली. "मला वर तीच काळजी. गडगडायला लागलं आणि वाटलं, सुमंत बोललाय म्हणून तुम्ही खाली तशाच बसला असाल, थरथरत. उठून यावं तर मीटिंग. माझ्या लॅपटॉपचा प्लग मी पहिल्या आवाजालाच काढला, पण हा राहिला असेल तर?"

"मग हा चालतोय कशावर?" मी विचारलं. मला राहवेना.

तिनं फोनचा उजेड तुळईमागे टाकला. तिथे विटेएवढी एक काळी पेटी होती. "बॅटरी आहे यमुनक्का. प्लग काढला की डबा हिच्यावर चालतो, चांगला संध्याकाळपर्यंत. आणि प्लग निघाल्यावर भिंतीशी संबंधच नाही, बाहेरची तर काचेचीच. शिरसीच्या त्या माणसाला मी सांगितलं, आमच्या घरी गडगडलं की प्लग निघतो. तो निघणारच. तसं काय ते बसवा. आणि प्लग आत्तेच्या हाताशी येईल असा ठेवा, म्हटलं."

"सांगायला काय झालं होतं गं?" नागवेणी एकदम उसळली. "सांगायला तोंड नव्हतं? तुला घालवली असं धरून मी त्या गोठ्यात..."

"कसं सांगू? प्लगचं नाव काढलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मी पुन्हा तेच उकरतेय. म्हटलं, गडगडेल, तुम्ही काढाल, डबा चालूच राहील, आपोआप कळेल."

नागवेणी पुढे झाली. तिनं चिन्मयीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आधी एका बाजूला वळवला, मग दुसऱ्या. फोनच्या उजेडात एक कान बघितला, दुसरा कान बघितला. "ऐकू येतंय ना नीट?" तिनं विचारलं. मीटिंगचं विचारलंच नाही. चिन्मयी म्हणाली, येतंय. तशी नागवेणीचा सगळा बांध फुटला. जे तिनं मला एकटीला ओढ्यावर सांगितलं होतं ते ती त्या पोरीला सांगायला लागली, पायरीवर तिच्या शेजारी बसून. फोन कसा किणकिणला, आपण चुलीपाशी कशा होतो, काय म्हणालो. 

सांगून झाल्यावर नागवेणी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता तरी राहशील ना इथे? काय म्हणाले तुझे साहेब?"

"एकदाही अडकलं नाही. राहा म्हणाले खुशाल." मग चिन्मयी तिच्याकडे वळली. "पण आत्ते, ते नाही म्हणाले असते तरी मी काहीतरी केलं असतं. दुसरी नोकरी बघितली असती. रोज दुपारी तुम्हाला घाबरवून मात्र मला इथे राहता आलं नसतं."

नागवेणीनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मी पापडांचा डबा तिथेच ठेवला आणि हळूच निघाले. बांधावरून घरी येईपर्यंत मीही रडत होते, खोटं कशाला बोलू.